फॉर्ममध्ये सगळे "चांगलं आहे" म्हणतात, पण मोटरचं ॲप कोणी वापरत नाही. माणूस वस्तू कशी वापरतो हे शोधायचं कसं?

जळगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी, मी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला लावायचा सिमकार्डवाला डबा आणि त्याचं मोबाईल ॲप. रात्रीची लाईट असली की विहिरीवर जायला लागू नये, साप-विंचू, रानडुक्कर सगळं टळावं म्हणून हा विषय घेतला. यावल-चोपड्याकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडे डबे बसवून दिले, डबा व्यवस्थित चालतो, रेंजचा पण प्रॉब्लेम नाही. गुगल फॉर्म भरून घेतला तर सगळ्यांनी चार-पाच स्टार दिले. पण सर्व्हरवर बघतो तर सुरुवातीचे काही दिवस सोडले तर ॲप कोणी उघडतच नाही, आणि रात्री टॉर्च घेऊन विहिरीवर जाणं जसंच्या तसं चालू. सर म्हणतात स्क्रीन बदला, मित्र म्हणतो शेतकऱ्यांना ट्रेनिंग द्या. मला दोन्ही पटत नाही. प्रॉडक्ट डिझाईनमध्ये हे समजून घ्यायची काही रीत असेलच ना?

भुसावळची_ताई
रीत आहे भाऊ, आणि तुला दोन्ही उत्तरं पटली नाहीत हे बरोबरच आहे. मी पुण्यात हेच काम करते.
पहिलं म्हणजे तो फॉर्म बाजूला ठेव. तू फुकट डबा बसवून दिलास, घरी बसून चहा घेतलास, आता आपल्याकडचा कोणता माणूस तुला दोन स्टार देईल? मत विचारलं की माणूस मान राखून बोलतो. त्यापेक्षा घडलेलं विचार. "परवा रात्री लाईट आली तेव्हा काय केलं? आधी काय, मग काय? घरून निघताना मनात काय होतं?" असं विचारलं की खरं बाहेर यायला लागतं.
दुसरं, तिथे जा, आणि ज्या वेळी ते काम होतं त्याच वेळी जा. कॅरेन होल्टझब्लॅट आणि ह्यू बायर या डिझाईनवाल्यांनी ही पद्धत नीट मांडली, त्यात शेतकरी गुरू आणि तू शिकाऊ. तो काम करतो, तू बघतोस, मध्येच विचारतोस "हे का केलं?" शिकवायला जायचं नाही, हे फार अवघड जातं इंजिनिअर लोकांना.
आणि डॉन नॉर्मन या डिझाईनच्या अभ्यासकाने 1986 साली माणूस आणि वस्तू यांच्यातल्या दोन दऱ्या सांगितल्यात त्या डोक्यात ठेव. एक, मला जे करायचंय ते या वस्तूने कसं करू. दोन, केल्यावर ते झालं का हे मला कसं कळणार. मला वाटतं तुमची पहिली दरी बुजलीय, बटण दाबलं की मोटर चालू. दुसरी बघ.

केळीवाला_यावल
ताई बरोबर बोलून राहिल्या. बेटा मी सांगतो आम्ही रात्री का जातो. मोटर चालू करायला जातच नाही आम्ही, पाणी पडून राहिलं का ते बघायला जातो. स्टार्टर दाबला की पहिले कान मोटरीकडे, आवाज बदलला की समजतं. मग अँपिअरचा काटा बघायचा, काटा खाली असला म्हणजे मोटर फिरतेय पण पाणी उचलत नाही. मग फिल्टरजवळचं प्रेशरचं घड्याळ, ते कमी दाखवलं म्हणजे कुठेतरी पाईप निघाला नाहीतर डुकराने नळी फोडली. मग वॉल (व्हॉल्व्ह) बदलायचा, दुसऱ्या प्लॉटला पाणी सोडायचं. तुझ्या ॲपवर काय दिसतं? एक हिरवा ठिपका. त्या ठिपक्यावर भरोसा ठेवून केळीचा बाग सोडून झोपू का मी? मे महिन्यात इकडे पारा 45 च्या आसपास जातो, पाण्याची पाळी चुकली तर बागेला सोसत नाही.

वायंडिंगवाले_चोपडा
मी मोटर रिवायंडिंगचं काम करतो म्हणून एक गोष्ट सांगतो. लोकांच्या मनात सगळ्यात मोठी भीती मोटर जळायची असते. तीनपैकी एक फेज गेला तरी चालू मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहते, करंट वाढतो आणि वायंडिंग गरम होऊन जळतं. माणूस जवळ असला तर आवाजावरून ओळखतो आणि लाल बटण दाबतो. तुमचा डबा आपोआप बंद करत असेल पण ते त्याला माहीत आहे का, त्याने कधी डोळ्यांनी पाहिलंय का? माझं म्हणणं आहे की त्याच्या समोर एक फेज काढून दाखवा (वायरमन सोबत घ्या, स्वतः हात लावू नका). भरोसा माहितीपत्रक वाचून बसत नाही भो. आणि लाईट आल्याआल्या सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू झाल्या तर डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड येतो, व्होल्टेज पडतं, त्यामुळे थोडं थांबून चालू करायची सोय पण ठेवा.

जळगावचा_पोरगा
काका, दोघांचे खूप आभार, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. डब्यात करंट मोजायचा सेन्सर आहेच, म्हणजे अँपिअर ॲपवर दाखवता येतील. प्रेशरचं पण बघतो. ताई, आता डायरेक्ट आकडे दाखवू का?

भुसावळची_ताई
लगेच आकडे टाकू नको. आधी काकांना विचार, काटा कुठे असला की ते निश्चिंत होतात. प्रत्येकाच्या मोटरीचा तो आकडा वेगळा असणार, मग ॲपने "नेहमीसारखं पाणी उचलतेय" किंवा "नेहमीपेक्षा कमी ओढतेय" एवढं सांगितलं तरी पुरे. कच्चं चित्र कागदावर काढून दाखव, हातात दे आणि गप्प बस. तो अडकला तरी सांगायचं नाही, कुठे अडकतो तेच तर बघायचंय. हे उन्हात, शेतात, ओल्या हाताने पण करून बघ, ओल्या बोटाने टचस्क्रीन नीट चालत नाही. बटणं मोठी आणि लांब लांब ठेव, लहान लक्ष्यावर बोट नेमकं न्यायला वेळ जास्त लागतो हे फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मोजून दाखवलंय.
अजून एक, ॲपचं लॉगिन कोणाच्या नंबरवर आहे?

जळगावचा_पोरगा
मालकाच्या. ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जातो.

केळीवाला_यावल
इथेच घोळ आहे बघ. माझा बाग सालदार (वर्षभराचा गडी) पाहतो, रात्री वॉल तोच बदलतो, आणि त्याच्याकडे साधा बटणवाला फोन आहे. कितीतरी घरी तर मालकाचा स्मार्टफोन पोराजवळ, पोरगा पुण्याला. ओटीपी तिकडे जाऊन काय उपयोग? सालदाराच्या फोनवर कॉल येऊन मराठीत बोलून सांगितलं पाहिजे की पाणी कमी पडून राहिलं, आणि त्याला एक आकडा दाबून मोटर बंद करता आली पाहिजे. पुढच्या पाळीला आमच्या फिडरला रात्रीची लाईट आहे, ये तू. पण आधी सालदाराशी बोल, आणि मी समोर नसताना बोल, माझ्यापुढे तो सगळ्याला हो म्हणेल.