बोटीवर आधी काय: बॅरोमीटर की वायुवेगमापक?

प्रश्न: ९ मीटरची शिडाची बोट आहे. आधी काय घ्यावं?

उत्तर १: बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा), तोही आलेख ठेवणारा. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. ३ तासांत दाब ३ हेक्टोपास्कलने (दाबाचं एकक) उतरला तर सावध. उष्ण कटिबंधात मात्र दाब रोजच सकाळी १०च्या सुमारास चढलेला आणि दुपारी ४ला उतरलेला असतो. म्हणून कालच्या त्याच वेळेशी ताडून बघा.

उत्तर २: वायुवेगमापक वाट्यांचा असेल तर बेअरिंगमध्ये मीठ साचून वारा कमी दाखवतो. अल्ट्रासॉनिकला (ध्वनिलहरींनी वारा मोजणाऱ्याला) फिरता भागच नाही, पण वर पक्षी बसला की आकडे वेडेवाकडे!

उत्तर ३: एनएमईए २००० या बोटीवरच्या उपकरणांच्या नेटवर्कला जोडणार असाल तर त्याच्या मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाचे रोधक) लावा. वीज बंद करून दोन डेटा तारांमध्ये रोध मोजा: ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर राहिलाय.