बायबलमधील नावांचे अर्थ : मजकुरात दिलेला अर्थ धरावा की कोशातला?

शब्दशोधक

नमस्कार. आमच्या अभ्यासगटासाठी मी हिब्रू बायबल आणि नवा करार यांतील व्यक्तिनामे व स्थळनामे यांचा अर्थासह एक तक्ता करत आहे. काम सोपे वाटले होते, पण बरीच नावे लिहून झाल्यावर अडचण लक्षात आली. ‘बाबेल’ म्हणजे ‘गोंधळ’ असे ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायावरून दिसते, तर कोशात ‘देवाचे द्वार’ असा अर्थ मिळतो. ‘मोशे’ म्हणजे एका ठिकाणी ‘पाण्यातून काढलेला’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘पुत्र’. ‘शमुवेल’ या नावापुढे कुणी ‘देवाजवळ मागितलेला’ असे लिहितो, कुणी ‘देवाचे नाव’. यांपैकी कोणता अर्थ बरोबर मानावा? मजकूर स्वतःच अर्थ सांगत असेल, तर कोशाकडे जाण्याची गरज का पडावी?

जुनी पोथी

आपण एका रकान्यात दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे भरत आहात, घोळ तेथे आहे. नाव मुळात कोणत्या भाषेतील कोणत्या शब्दांपासून बनले, हा एक प्रश्न. कथा सांगणाऱ्याने त्या नावात काय ऐकले, हा दुसरा. हिब्रू कथाकार नावाचे स्पष्टीकरण देतो तेव्हा तो बहुधा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. शब्दाची फोड ध्वनिसाम्यावरून करणाऱ्या आपल्या निरुक्तकारांची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

बाबेलचेच पाहा. देव लोकांच्या भाषांचा घोळ करतो, ती ही कथा. उत्पत्ती 11:9 मध्ये हे नाव ‘बालल’ म्हणजे कालवणे, मिसळून टाकणे या हिब्रू धातूशी जोडले आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही जोडणी टिकत नाही, कारण त्या नगराचे, म्हणजे बाबिलोनचे, अक्कादी या तेथील प्राचीन भाषेतील नाव ‘बाब-इलिम’ असे होते आणि त्याचा अर्थ ‘देवाचे द्वार’ असा केला जात असे. जे नगर स्वतःला देवाचे द्वार म्हणवते, त्याच्या नावात हिब्रू कथाकाराला फक्त भाषांची कालवाकालव ऐकू येते, आणि त्या कथेची सगळी धार या ऐकण्यातच आहे. ‘गोंधळ’ हा अर्थ चुकीचा म्हणून खोडलात, तर कथेतला टोमणा नाहीसा होईल. उलट तो मूळ अर्थ म्हणून ठेवलात, तर इतिहास चुकेल. आणखी एक गंमत अशी, की ‘देवाचे द्वार’ हीसुद्धा बाबिलोनी लोकांनी एखाद्या अधिक जुन्या, अर्थ हरवलेल्या नावाला मागाहून चिकटवलेली लोकव्युत्पत्ती असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

मोशेचा प्रकार थोडा वेगळा आहे. निर्गम 2:10 मध्ये फारोची कन्या म्हणते, की मी याला पाण्यातून बाहेर काढले. तेथे ‘माशा’ म्हणजे ओढून काढणे हा धातू वापरला आहे. मात्र ‘मोशे’ हे रूप व्याकरणाने कर्तरी आहे. त्याचा अर्थ ‘काढणारा’ असा होतो, ‘काढलेला’ असा नाही. पुढे लोकांना समुद्रातून पार नेणाऱ्याला ते नाव अधिक शोभते, हा भाग निराळा. बहुतेक अभ्यासक या नावात मिसरी (प्राचीन इजिप्तच्या भाषेतील) ‘मस’, म्हणजे जन्मणे, हा धातू पाहतात. थुतमोस, रामसेस या राजनामांत तोच आहे. त्यावर एक आक्षेपही आहे. रामसेस हे नाव हिब्रूत ‘सामेख’ (स) या अक्षराने लिहिले जाते, मोशे मात्र ‘शिन’ (श) या अक्षराने; धातू एकच असता तर अक्षरही एकच अपेक्षित होते. म्हणून मिसरी व्युत्पत्ती संभाव्य म्हणावी, सिद्ध म्हणू नये.

सामेख

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण ‘लोकव्युत्पत्ती’ हा शब्द या कथाकारांसाठी वापरताना हात आखडता घ्यावा, असे वाटते. त्या शब्दात अज्ञानाचा वास आहे. हे लेखक अज्ञानी नव्हते. ते जाणूनबुजून शब्दांशी खेळत होते.

शमुवेलाचे उदाहरण मूळ अक्षरांसह तपासून पाहा. ‘पहिला शमुवेल’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात शमुवेलाची आई हन्ना मुलाचे नाव ठेवताना म्हणते, की मी याला परमेश्वराजवळ मागितले. मागणे म्हणजे ‘शाअल’: शिन, आलेफ, लामेद. शमुवेल हे नाव मात्र शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद असे लिहितात. मागण्याची तिन्ही अक्षरे त्यात सापडतात, पण मधला ‘मेम’ कोठून आला ते कळत नाही. नावाचा सरळ अर्थ ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव देव’ असा लागतो. मग ‘मागितलेला’ हे वर्णन तंतोतंत कोणाला लागू पडते? इस्राएलचा पहिला राजा शौल याला. त्याचे नाव हिब्रूत ‘शाऊल’ म्हणजेच ‘मागितलेला’ असे आहे. आता त्याच अध्यायाचे 28वे वचन पाहा. हन्ना मुलाला परमेश्वराला वाहून टाकते, तेथे ‘तो शाऊल आहे’ असेच शब्द आहेत, म्हणजे तो मागून घेतलेला, परत देऊ केलेला. पुढे लोक राजा मागतात आणि त्यांना मिळणाऱ्या राजाचे नाव शाऊल असते. काही अभ्यासकांच्या मते ही जन्मकथा मुळात शौलाची होती आणि नंतर शमुवेलाला जोडली गेली. मला तसे मानण्याची गरज वाटत नाही. संदेष्ट्याच्या, म्हणजे शमुवेलाच्या, पाळण्यापाशीच लेखकाने राजाचे नाव पेरून ठेवले, असे वाचले तरी सगळे जुळते.

जुनी पोथी

‘अज्ञानाचा वास’ हा आक्षेप मान्य आहे. शब्दश्लेष म्हणू या. बैर-शेबा हे स्थळनाम त्याचे आणखी ठळक उदाहरण. ‘बैर’ म्हणजे विहीर. ‘शेबा’ म्हणजे सात, आणि शपथेसाठी असलेला हिब्रू शब्द याच अक्षरांचा. उत्पत्ती 21 मध्ये अब्राहाम सात मेंढ्या वेगळ्या काढतो आणि अबीमलेख राजाबरोबर शपथही घेतो. दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात बसवले आहेत. पुढे 26व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याचे चाकर विहीर खणतात, तेव्हा त्याच स्थळाला पुन्हा नाव दिले जाते. संपादकाला पुनरुक्ती दिसली नसेल, असे नाही. त्याने दोन्ही परंपरा राहू दिल्या.

घाणा

नव्या कराराबद्दल थोडेसे. येथे ग्रीक मजकुरात हिब्रू वा अरामी शब्द येतो आणि लेखक पुष्कळदा त्याचा अर्थ लगेच देतो. मार्क 15:22 मध्ये गुलगुथा, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिले ती जागा, म्हणजे ‘कवटीचे ठिकाण’ असे सांगितले आहे. त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘कॅल्व्हरी’ आले. येशूला पकडले त्या गेथशेमाने या जागेच्या नावाचा अर्थ ‘तेलाचा घाणा’, पण तो कोणत्याही शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रपर पुस्तकात) सांगितलेला नाही. याउलट मत्तय 1:21 मध्ये ‘त्याचे नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना तारील’ अशा आशयाचे वाक्य आहे. ग्रीकमध्ये ‘येसूस’ आणि तारण्याचे क्रियापद यांत ध्वनीचा काहीच संबंध नाही. ‘येशूआ’ आणि तारण्याचा हिब्रू धातू शेजारी ठेवल्याशिवाय त्या वाक्यातले ‘कारण’ उलगडत नाही.

मजकुरात अर्थ दिला आहे म्हणून तो उलगडतोच, असेही नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात 4:36 मध्ये बर्णबा या शिष्याचे नाव म्हणजे ‘बोधपुत्र’ असे म्हटले आहे. ‘बर’ म्हणजे पुत्र हे ठीक, पण उरलेल्या ‘नबा’तून बोध किंवा सांत्वन कसे निघते, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर वाचायला मिळालेले नाही.

इंटरनेटवरच्या याद्यांबाबत एक सूचना. त्यांतले कित्येक अर्थ फार जुन्या नामकोशांतून उतरत आलेले आहेत. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने इ.स. 390च्या सुमारास असा एक कोश लॅटिनमध्ये केला होता. येशूची आई मरिया हिच्या नावाचा अर्थ त्याने ‘समुद्राचा थेंब’ असा दिला असावा आणि नक्कल करताना ‘स्तिल्ला’चे ‘स्तेल्ला’ होऊन थेंबाचा तारा झाला असावा, असे अनेकांचे मत आहे. एका स्वराच्या फरकाने ‘समुद्राचा तारा’ हे विशेषण पुढे शतकानुशतके प्रार्थनांमध्ये राहिले. ते आता कोणी काढू शकणार नाही आणि काढूही नये, पण आपल्या तक्त्यात ते व्युत्पत्ती म्हणून येऊ नये.

शब्दशोधक

सर्वांचे आभार. शमुवेलाचे 28वे वचन शब्दशः भाषांतर असलेल्या प्रतीत काढून पाहिले, ‘शाऊल’ खरोखरच तेथे आहे. इतकी वर्षे तो अध्याय वाचूनही मराठीत ते कधी जाणवले नव्हते, कारण ‘मागितला’ आणि ‘शौल’ हे शब्द आपल्याकडे एकमेकांना ओळखतच नाहीत. तक्त्यात आता दोन रकाने केले आहेत, ‘मजकुरात ऐकू येणारा अर्थ’ आणि ‘संभाव्य व्युत्पत्ती’.

त्यामुळे बेथलेहेमाची जागा मात्र अवघड झाली. ‘भाकरीचे घर’ हा अर्थ मजकूर कोठेही सांगत नाही, म्हणून मी तो फक्त दुसऱ्या रकान्यात लिहिला होता. पण रूथच्या पुस्तकाच्या आरंभी त्याच गावात दुष्काळ पडतो, कुटुंब मवाबात जाते, आणि 1:6 मध्ये परमेश्वराने आपल्या लोकांना ‘लेहेम’, म्हणजे भाकर, दिल्याचे त्या कुटुंबातील नामीच्या कानावर येते. सांगितलेला नसला तरी हा अर्थ ऐकू येतोच. पहिल्या रकान्यातही लिहिला आहे. बर्णबाच्या ओळीतील दुसरा रकाना तूर्त कोरा ठेवला आहे.