रात्रीच्या कॅज्युअल्टीतील हलगर्जीपणा : तज्ज्ञ साक्षीदार कोणत्या शाखेचा हवा?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार. गेल्या वर्षी काकांच्या छातीत जळजळ आणि डाव्या खांद्यात कळ सुरू झाल्याने त्यांना रात्री एकच्या सुमारास येथील एका खासगी रुग्णालयात नेले. ड्युटीवरील एमबीबीएस डॉक्टरांनी एकच ईसीजी काढला, पित्ताचे इंजेक्शन दिले आणि सकाळी ओपीडीला दाखवा, असे सांगून घरी पाठवले. पहाटे पाचला काका गेले. शवविच्छेदनात हृदयविकाराचा झटका हे कारण आले. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पुण्यातील आमचे एक नातेवाईक हृदयरोगतज्ज्ञ आहेत आणि ते शपथपत्र देण्यास तयार आहेत. परंतु कॅज्युअल्टीतील डॉक्टरांचे मोजमाप हृदयरोगतज्ज्ञाने करावे का, असा आक्षेप समोरून येईल, असे आमच्या वकिलांना वाटते. मग तज्ज्ञ म्हणून कोणाला उभे करावे?

एक वकील, सातारा
पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम 45, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 39, कोणत्याही पदवीचे नाव घेत नाही. त्या विषयाचे विशेष ज्ञान असणे एवढीच अपेक्षा आहे. त्यामुळे शाखा वेगळी आहे म्हणून साक्ष सहसा बाद होत नाही, तिचे वजन मात्र घटते. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने शक्यतो सरकारी सेवेतील, त्याच शाखेच्या डॉक्टरांचे मत घ्यावे असे जे म्हटले, ते फौजदारी तपासाबाबत आहे, आणि ते ग्राहक तक्रारीला चिकटवण्याची चूक अनेकदा होते. व्ही. किशन राव प्रकरणात (2010) तर प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाची गरज नसते, असेच न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या प्रकरणात मात्र ती आहे, कारण ईसीजीचा अर्थ आयोगाचे सदस्य स्वतः लावणार नाहीत.

मला शाखेपेक्षा नात्याची चिंता अधिक वाटते. नातेवाइकाची साक्ष कायद्याने वर्ज्य नसली, तरी उलटतपासाचा पहिला प्रश्न तोच असेल.

निवृत्त फिजिशियन, मिरज
मी अनेक वर्षे कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्या केल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जेकब मॅथ्यू निकालातील कसोटी सर्वोच्च कौशल्याची नाही, तर त्या कामातील सर्वसाधारण सक्षम डॉक्टरची आहे. हृदयरोगतज्ज्ञांसमोर शवविच्छेदनाचा अहवाल आधीच असतो, आणि निदान माहीत असताना ईसीजीच्या पट्टीवरची बारीक खूणही ठळक दिसू लागते. आपल्याला असे मत हवे की, त्या रात्री, त्या खोलीत, हातात तेवढीच माहिती असताना साधा ड्युटी डॉक्टर काय करतो. ते एमडी मेडिसिन झालेला, कॅज्युअल्टी सांभाळलेला डॉक्टर चांगले देऊ शकतो. आपत्कालीन वैद्यक ही शाखा आपल्याकडे 2009 मध्ये स्वतंत्र म्हणून मान्य झाली, त्यामुळे त्यातील एमडी जिल्ह्यात सहज सापडतील असे नाही.

मतातील मुद्दे असे असावेत : छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघाला का, पहिला ईसीजी सामान्य असला तरी झटका नाही असे ठरत नाही, मग तो पुन्हा काढला का आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी रक्ततपासणी) तपासले का, आणि सोय नसेल तर मिरजेला का पाठवले नाही, जे जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. लगेच अँजिओग्राफी करायला हवी होती, असे लिहिणारे शपथपत्र मात्र कॅथ लॅब (अँजिओग्राफी करण्याची खोली) नसलेल्या रुग्णालयाविरुद्ध तुमचेच नुकसान करील. वेळेत उपचार मिळाले असते तर काका वाचण्याची शक्यता किती होती, याचेही कारणांसह उत्तर हवे. तज्ज्ञ हा मुद्दा टाळतात आणि तक्रारी तिथेच अडतात.

एक वकील, सातारा
कारणांचा मुद्दा योग्यच आहे. रमेशचंद्र अग्रवाल प्रकरणात (2009) तज्ज्ञाने निष्कर्षाबरोबर त्यामागची सामग्री आणि कारणेही मांडावीत, असे न्यायालयाने म्हटले आहे. डॉक्टर हजर राहण्यास कचरत असतील, तर जे. जे. मर्चंट निकालानुसार (2002) लेखी प्रश्नावलीने किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने उलटतपास होऊ शकतो. एक विचारतो, ईसीजीची मूळ पट्टी कोणाकडे आहे? थर्मल कागद पुसट होत जातो.

कृष्णाकाठ, सांगली
पट्टी आमच्याकडेच आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. आत्ताच काढून पाहिली. वरची छापील वेळ एक वाजून सत्तेचाळीस मिनिटे वाचता येते, खालच्या दोन ओळी मात्र करड्या पडल्या आहेत. केसपेपरवर आल्याची वेळ एक वाजून दहा मिनिटे आहे. उद्या सकाळी रंगीत झेरॉक्स आणि स्कॅन दोन्ही करून घेतो, आणि मिरजेत फिजिशियनचा शोध सुरू करतो.

निवृत्त फिजिशियन, मिरज
मशीनचे घड्याळ कधी लावले होते, हे रुग्णालयाला लेखी विचारून घ्या. ते बरोबर असेल, तर ही सदतीस मिनिटे शपथपत्राच्या पहिल्याच पानावर यायला हवीत.