कंपनी गाडीचा इन्शुरन्स रिन्यू करायला नाही म्हणतेय, आता काय करायचं?

गोदाकाठ:
मंडळी, जरा घाईचं आहे. २०१४ ची हॅचबॅक आहे, ११९७ सीसी, नाशिकला असतो. पॉलिसी पुढच्या आठवड्यात संपतेय म्हणून नेहमीसारखं अ‍ॅप उघडलं तर रिन्यूचं बटणच गायब, आणि संध्याकाळी मेसेज की आमच्या अंडररायटिंग (म्हणजे कुठला धोका घ्यायचा, कुठला नाही हे ठरवायच्या) धोरणानुसार तुमची पॉलिसी रिन्यू करता येत नाही. बस्स एवढंच. कारण काय, विचारायचं कोणाला, काही नाही. या वर्षात दोन क्लेम झालेत, एकदा सिग्नलला मागून पिकअपने ठोकलं आणि एकदा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी भरलं ते. दोन्ही रीतसर पास झाले. मग क्लेम घ्यायचाच नसेल तर वर्षानुवर्षं हप्ता कशाला भरायचा? कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. एजंट म्हणतो, साहेब आता ही गाडी कोणी घेणार नाही, थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) काढून मोकळे व्हा, आणि स्वतःच्या गाडीसकट फुल पाहिजेच असेल तर दुसरीकडे क्लेमचं बोलायचंच नाही. कंपनी असं करू शकते का? आणि न बोलता चालतं का खरंच?

चाकणचा_पम्या:
आधी एजंट बदला राव. बाकी नंतर.

जुनी_गाडी_जुना_मालक:
करू शकते. चालू पॉलिसी मध्येच रद्द करणं वेगळं, ते फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच आणि ७ दिवसांची नोटीस देऊन, आयआरडीएआय म्हणजे विमा नियामकाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये आहे. पण मुदत संपल्यावर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा धोका घ्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. गाडी १० वर्षांच्या पुढची, वर्षात दोन क्लेम, त्यात एक पाण्याचा, कंपनीच्या कॉम्प्युटरने लाल दिवा लावला असणार. थर्ड पार्टी मात्र नाकारायची नाही असं आयआरडीएआयने कंपन्यांना बजावलेलं आहे. तुमच्या सीसीला २०२२ ला ठरलेला बेसिक दर ३,४१६ रु., जीएसटी वेगळा, सगळीकडे सारखाच, त्यात घासाघीस नाही. मात्र फक्त थर्ड पार्टीवर राहिलात तर परत बेसमेंटमध्ये पाणी आलं की सगळा खर्च खिशातून.

सर्व्हेवाली_ताई:
बरीच वर्षं याच लाइनमध्ये आहे म्हणून लिहिते. क्लेम लपवायचा सल्ला ज्याने दिला त्याचं कमिशन सुटेल, अडकाल तुम्ही. प्रपोजल फॉर्मवर सरळ प्रश्न असतो की आधी कुठल्या कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारलाय का, रिन्यू करायला नकार दिलाय का. तिथे "नाही" टिक केलं, किंवा क्लेम असताना नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घेतला, तर नवी कंपनी जुनीकडून खात्री करून घेते आणि उद्या मोठा क्लेम आला की तेच कागद पुढे ठेवते. तुमचा बोनस असाही शून्यावर आलाय, मग खोटं बोलून मिळवायचं काय? २० टक्के डिस्काउंटसाठी अख्खा क्लेम घालवलेले लोक पाहिलेत मी.

आता एक विचारते. गाडीला सीएनजी आहे का? नकाराचं कारण कधीकधी क्लेममध्ये नसतंच, कागदात असतं.

गोदाकाठ:
ताई, हो. बाहेरून बसवलेलं किट आहे. आरसीवर पेट्रोल/सीएनजी चढवलेलं आहे, आरटीओत पासिंग करूनच घेतलं होतं. पण आत्ता पॉलिसी उघडून बघितली तर फ्युएल टाइपला नुसतं पेट्रोल. एजंटला तेव्हा आरसीची झेरॉक्स दिली होती. आणि आता आठवतंय, पाण्याच्या क्लेमला सर्व्हेयर डिकीत टॉर्च मारून सिलेंडरच्या प्लेटचे फोटो काढत होता, मला वाटलं असंच.

सर्व्हेवाली_ताई:
असंच नाही काढत कोणी. प्लेटवर हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलेंडर तपासल्याची तारीख असते, सिलेंडरची टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते. हेच कारण आहे असं छातीठोकपणे नाही सांगणार, पण पॉलिसीत पेट्रोल आणि डिकीत सिलेंडर अशी नोंद फाइलला लागली असेल तर सिस्टिम रिन्युअल अडवते. ब्रँचला जाऊन अंडररायटरला भेटा, कॉल सेंटरला ते स्क्रीनवर दिसतच नाही. आरसी, किटचं बिल, टेस्टचं सर्टिफिकेट घेऊन जा. किटची नोंद म्हणजे काही हजारांचा मामला नाही, जुन्या टॅरिफच्या हिशोबाने किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये. एवढ्यासाठी लोक वर्षानुवर्षं पॉलिसीत पेट्रोल ठेवतात, कमाल आहे.

चाकणचा_पम्या:
६० रुपये! आमच्याकडे वडापावच्या दोन प्लेट.

मुलुंड_ईस्ट:
विमा लोकपालाकडे जा ना सरळ, फुकट असतं, मुंबईत पण ऑफिस आहे पुण्यात पण. चांगला धडा शिकवा यांना.

जुनी_गाडी_जुना_मालक:
@मुलुंड_ईस्ट थेट जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, तिथे महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर मग लोकपाल. प्रीमियम घेऊन पॉलिसी दिली नाही तर लोकपाल ऐकतात, पण "आम्हाला ही जोखीम नको" या धंद्याच्या निर्णयावर कितपत काही होईल, शंकाच आहे. तरी बिमा भरोसावर, म्हणजे आयआरडीएआयच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, १५५२५५ वर फोनही करता येतो, निदान कारण लेखी मागता येईल. पण त्याच्या भरवशावर पॉलिसी संपू देऊ नका. एकदा तारीख गेली की गाडीची पाहणी, व्हिडिओ, आधीचे डेंट नोंदवून वगळणं, सगळं आलं, आणि त्या मधल्या दिवसांत पकडलं तर पहिल्या वेळी २,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, त्या दिवसांत कोणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या घरादारावर.

गोदाकाठ:
म्हणजे तोवर थर्ड पार्टी काढून ठेवू का? ब्रँचने मागाहून हो म्हटलं तर?

सर्व्हेवाली_ताई:
लगेच नको. थर्ड पार्टीवरून परत फुलवर यायचं म्हणजे पुन्हा पाहणी. अजून आठवडा हातात आहे, सोमवारी ब्रँच, आणि त्याच दिवशी दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी कोट मागा, सगळं खरं सांगून, क्लेमही आणि नकारही. ऑनलाइन साइटवर गाडीचं वय टाकलं की झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) दिसणारच नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक कंपन्या पाच-सात वर्षांपुढे देत नाहीत. सरकारी चार कंपन्यांपैकी कुणाच्या ब्रँचमध्ये प्रत्यक्ष जाऊन बघा, न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया. तिथे अ‍ॅप कमी आणि टेबलापलीकडचा माणूस जास्त, जुन्या गाडीच्या बाबतीत ते कधीकधी बरं पडतं. इतक्या जुन्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) बोलून ठरते, उगाच फुगवू नका, तेवढाच हप्ता वाढतो. शेवटच्या दोन दिवसांपर्यंत कुठेच जमलं नाही तर मात्र थर्ड पार्टी काढाच.

गोदाकाठ:
ठरलं. किटचं बिल शोधायला लागतंय आता, गॅरेजवाला सिन्नरला शिफ्ट झालाय. एजंटचा फोन येतोय, उचलत नाहीये.

चाकणचा_पम्या:
उचला आणि विचारा, आरसीची झेरॉक्स नक्की कुठे ठेवली होती म्हणावं.