मदत हवी आहे : पावसाळ्यात घरातला कुत्र्याचा वास जात नाही

नमस्कार मंडळी,

आमचा लॅब्रेडॉर बंड्या आता 11 वर्षांचा आहे. आम्ही ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतो. उन्हाळ्यात घराला वास नसतो, पण पाऊस लागला की दार उघडताच दर्प येतो. पाहुणे तोंडावर बोलत नाहीत, खिडकीशी सरकून बसतात.

डॉक्टरांनी त्याचे कान, दात, कातडी तपासली. गुदग्रंथीही रिकाम्या केल्या. (त्या भरल्या की नासक्या मासळीसारखा वास येतो. हे आधी तपासून घ्यावं.) म्हणजे वास त्याच्या अंगाला नाही, घरात मुरलाय.

वयामुळे हल्ली रात्री त्याला लघवी धरवत नाही. दिवाणाच्या पायाशी, गादीच्या कडेला होऊन जातं. सकाळी मान खाली घालून बसतो, त्याला रागवायचा प्रश्नच नाही.  पुसल्यावरही लघवीचा अंश फरशीच्या सांध्यांत राहतो आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सुटतो. काळोखात यूव्ही (अतिनील) टॉर्च मारला तर स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) कडेने डाग चमकताना दिसले.

एन्झाइम क्लीनरने (वासाचे घटक तोडणाऱ्या द्रवाने) फरशीला चांगला गुण आला. तो शिंपडून लगेच पुसायचा नाही. वर प्लास्टिक अंथरून जागा तासन्‌तास ओली ठेवायची. फिनाइल कुत्र्यांना घातक म्हणून घरात आणत नाही. संगमरवराची चकाकी जाते म्हणून व्हिनेगरही नको.

आता अडलंय ते कापसाच्या गादीवर. एन्झाइम आतपर्यंत पोचवायचं तर गादी भिजवावी लागणार, आणि या हवेत ती वाळणार कशी? बुरशी धरेल. पिंजून घेतली तर वास जातो का? दुसरं, स्कर्टिंगमागच्या प्लास्टरमध्ये मुरलेल्या वासावर कोणी इलाज केलाय का?

कुत्रा कोणाला तरी देऊन टाका, असा सल्ला कृपया नको. तो आमच्याकडेच राहणार आहे.

प्रतिसाद :

पिंजून काही होत नाही, आमचा अनुभव आहे. धूळ जाते, वास कापसातच राहतो. ती गादी काढून टाका आणि नवीला पहिल्या दिवसापासून वॉटरप्रूफ कव्हर घाला. स्कर्टिंग काढून प्लास्टरला एन्झाइम मारा, पावसाळाभर उघडं ठेवा. दिवाळीच्या सुमारास पूर्ण वाळलं की सीलर (वास आत कोंडणारा लेप) लावून मगच रंग द्या. ओल्यावर सीलर लावलात तर पापुद्रे सुटतील.

पण आधी बंड्याची लघवी आणि रक्त तपासलंय का? धरवत नाही म्हणजे वयच झालं असं धरून चालू नका. लघवीतला संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, कशानेही असं होतं. पाणी नेहमीपेक्षा जास्त पीत असेल तर उद्याच जा. आणि त्याचं पाणी कमी करू नका.