किनाऱ्याच्या रस्त्यावर 'सगळे एकत्र' हा नियम हवाच का?

वळणवाट
मित्रमंडळींसोबत समुद्रकाठची बाईक ट्रिप ठरली की पहिला नियम निघतो, 'कुणी मागे राहायचं नाही, कुणी पुढे जायचं नाही.' रुंद, सरळ महामार्गावर तो चालून जातो. किनाऱ्याच्या रस्त्यावर तो धोक्याचा आहे, असं माझं ठाम मत.

डोंगर आणि पाणी यांच्यात दबलेला हा रस्ता. वळणं आंधळी, त्यात वाऱ्याने आणलेली वाळू. ताशी ६० किमी वेगाने बाईक सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर ते लक्षात येईपर्यंतच मागचा तेवढं अंतर कापतो. शिवाय रांग रबरासारखी ताणली जाते. पहिला वळणातून सुटून वेग वाढवतो तेव्हा शेवटचा अजून वळणात असतो, आणि मग गटात सर्वांत जोरात त्यालाच चालवावं लागतं. नेमका नवखा गडी तिथे असला तर बघायलाच नको.

त्यापेक्षा ३०-४० किमीवर थांबे ठरवा, नकाशावर खूण करा आणि प्रत्येकाला आपल्या वेगाने येऊ द्या.

शेवटची बाईक
असहमत. वळणावळणाचे ४० किमी म्हणजे जवळपास तासभर. मधे कुणी घसरून कठड्याखाली गेलं तर तासभर कुणाला पत्ता नाही, आणि कड्याच्या आडोशाला फोनची रेंजही अनेकदा नसते.

तुम्ही सांगितलेला दोष एकत्र जाण्याचा नाही, क्रमाचा आहे. नवखा दुसऱ्या नंबरवर हवा, म्हणजे लीड (सर्वांत पुढचा) त्याच्या बेताने वेग ठेवतो. सर्वांत मुरलेला शेवटी. पंक्चर किट, पंप आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. सरळ रस्त्यावर तिरक्या जोड्यांनी चाला: शेजारच्या ओळीतल्या पुढच्या बाईकपासून १ सेकंद, थेट समोरच्यापासून २ सेकंद. वळणं सुरू झाली की जोड्या मोडून एकेरी रांग, कारण वळणात प्रत्येकाला लेनची पूर्ण रुंदी लागते. सहाच्या वर बाईक असतील तर सरळ दोन गट करा.

वळणवाट
हिशोब करू. सहा बाईक, एकेरी रांग, २ सेकंदांचं अंतर म्हणजे ६० च्या वेगाला जवळपास १७० मीटर लांबी. वळणांत लीडला आरशात शेवटचा दिसणारच नाही. मग त्याने वेग कशावर ठरवायचा?

शेवटची बाईक
शेवटचा दिसायची गरजच नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं. दोन-तीन वळणं तो आरशात आला नाही तर वेग कमी करा. पुढच्यालाही तुम्ही दिसेनासे होता, तोही कमी करतो, आणि निरोप न बोलता लीडपर्यंत पोचतो. फाट्यावर लीडने नवख्याच्या मागच्याला सुरक्षित जागी उभं करायचं. बाकीच्यांना त्याने दिशा दाखवायची आणि शेवटची बाईक आली की तिच्या पुढे रांगेत शिरायचं. अंतर कितीही वाढलं तरी कुणी चुकत नाही. गाठायची घाई संपली की रबर ताणतच नाही.

खारा वारा
दोघंही वाऱ्याला विसरलात. जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि किनाऱ्याला समांतर रस्त्यावर तो आडवा लागतो. कड्याची आड संपते तिथे किंवा खाडीच्या पुलावर झोत एकदम बसतो आणि बाईक हातभर सरकते. अशा वेळी १ सेकंदाच्या तिरक्या जोड्या नकोतच. वेग कमी करा, हात सैल ठेवा, गुडघ्यांनी टाकी धरा. जड सामान टॉप बॉक्समध्ये (सीटमागच्या उंच पेटीत) नको, साईड बॅगेत खाली, दोन्हीकडे सारख्या वजनाने. लांबचा टप्पा सकाळीच उरकावा.

आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर बाईक गोड्या पाण्याने धुवा. मीठ हवेतला ओलावा ओढतं. चेन, स्पोक, सायलेन्सरचे बोल्ट, सगळं गंजायला लागतं.

स्प्रॉकेट
रोज धुण्याला माझा विरोध. प्रेशर वॉशरने चाकाच्या बेअरिंगचं आणि चेनचं ग्रीस धुऊन जातं. मिठापेक्षा नुकसान जास्त. रोज चेन पुसा, लूब (वंगण) मारा. धुणं घरी आल्यावर.

खारा वारा
प्रेशर वॉशर नकोच, तिथे सहमत. पण मिठावर लूब मारलंत तर मीठ आणि वाळू आतच अडकते आणि स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चाकाचे) दात घासले जातात. एक बादली पाणी, ते ओतायला मग, फडकं. इंजिन निवल्यावर पाणी ओतून मीठ काढा, चेन कोरडी करा, मग आतल्या बाजूने लूब. ओ-रिंगच्या (कड्यांत रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल लावू नका, रबर खराब होतं. डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये जातो. लूबचा थेंब मात्र तिथे पडू देऊ नका.

वळणवाट
आरशाची साखळी आणि फाट्यावरचा माणूस, दोन्ही मान्य. तरी नवखा लीडच्या मागे असला की त्याच्या वेगाची नक्कल करतो, ही शंका कायम आहे. म्हणून थांबे सोडणार नाही, फक्त १५ किमीवर आणतो. पेट्रोलचा थांबा सर्वांत छोट्या टाकीवरून: ११ लिटर, सामानासह लिटरला ३५ धरले तर ३८५ किमी होतात, पण २५० लाच भरायचं. समोरचा वारा असला की ॲव्हरेज पडतं.

शेवटची बाईक
१५ वर माझी हरकत नाही. थांबा पक्क्या जमिनीवर निवडा. वाळूत साईड स्टँड रुततो आणि सामानाने लादलेली बाईक आडवी होते. स्टँडखाली ठेवायला चपटी फळी प्रत्येकाकडे असू द्या.