१९९४ ची बुलेट स्टँडर्ड, डिसेंबरात किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण. इंजिन खोलायचं का?

मामाची_बुलेट

नमस्कार मंडळी. मामाने त्याची १९९४ ची बुलेट स्टँडर्ड ३५० मला दिलीये, गाडी इतकी वर्षं इस्लामपूरला होती, आता पुण्यात आणली. सगळं ओरिजिनल आहे, उजव्या पायाचा गिअर, पॉईंटवालं इग्निशन (ठिणगीसाठी उघडझाप करणारी जुनी यांत्रिक कळ), दोन्हीकडे ड्रम ब्रेक. शेवटची काही वर्षं शेतावर जाऊन येण्यापुरतीच चालली पण बंद अशी कधी पडून नव्हती. आरसी २०२९ पर्यंत रिन्यू आहे, माझ्या नावावर करायला फॉर्म २९-३० दिलेत.

डिसेंबरात मी आणि बायको हिच्यावर मालवणला जाणार आहोत. ताम्हिणीने माणगाव, श्रीवर्धन-हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेश्वी, केळशी-आंजर्ले-दापोली, मग दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि तसंच खाली. घाई अजिबात नाही, वाटेत मुक्काम करत करत.

आता अडचण. इथल्या एका गॅरेजला दाखवली तर त्यांनी फक्त आवाज ऐकून सांगितलं की पूर्ण इंजिन खोलू, बोअर-पिस्टन नवा, क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा खालचा दांडा) नवा, गिअर डावीकडे घेऊ, पुढे डिस्क बसवू, म्हणजे तुम्हाला टेन्शन नाही. खर्चाचा आकडा ऐकून गप्प बसलो. गाडीची लक्षणं अशी आहेत: थंड असताना व्यवस्थित सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद केली की परत सुरू व्हायला त्रास देते. दोन दिवस उभी राहिली की सुरू करताना निळा धूर येतो, थोड्या वेळाने जातो. खाली तेलाचा डाग पडतो. वरून टकटक येते. ६० पर्यंत मस्त, त्याच्या पुढे हँडलला मुंग्या येतात. मला गाडी आहे तशीच ठेवायचीये पण सोबत बायको आहे, अर्ध्या वाटेत अडकायला नको. काय करू?

उजवा_गिअर

खोलू नकोस. आधी नीट तपास, मग ठरव. तू लिहिलेल्या एकाही लक्षणावरून क्रँक गेलाय असं म्हणता येत नाही.

गरम झाल्यावर सुरू न होणं हे बहुतेक वेळा कंडेन्सरचं (पॉईंटच्या जोडीचा छोटा विजेचा भाग) काम असतं, गार असताना तो बरा वागतो आणि तापला की साथ सोडतो, वस्तू स्वस्त आहे, चांगल्या मेकचा आण, बदल आणि बघ. त्याच वेळी पॉईंट उघडून तोंडं जळलीत का बघ, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेव, आणि टायमिंग लावताना ॲडव्हान्स युनिटचे (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारा भाग) स्प्रिंग ढिले नाहीत ना ते बघून पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी असताना पॉईंट उघडतोय असं लाव. जो मेकॅनिक सिगारेटचा कागद किंवा बल्ब लावून हे करतो त्याच्याकडे जा, जो नुसतं प्लेट फिरवून कानाने करतो त्याच्याकडे नको.

निळा धूर. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच मागच्या कप्प्यात असते आणि गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून हळूहळू खाली क्रँकच्या बाजूला उतरतं. म्हणून सुरू करताना धूर येतो आणि पंपाने ते परत टाकीत ओढलं की धूर थांबतो. लोक काय करतात, सकाळी गार गाडीची काडी बघतात, तेल कमी दिसतं, वरून ओततात, मग चालवताना ते जादाचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) बाहेर पडतं आणि गाडी गळते म्हणून बोंब. तुझा डागही कदाचित तोच असेल. तेल नेहमी गाडी पाच-दहा मिनिटं चालवून झाल्यावर मोजायचं. २०डब्ल्यू५० साधं मिनरल टाक, महागाचं सिंथेटिक हिला लागत नाही. क्लचच्या बाजूचं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं, तिन्ही बघ, एक बदललं म्हणजे झालं असं नाही.

टकटक. इंजिन पूर्ण गार असताना उजवीकडचं टॅपेटचं झाकण काढ, कॉम्प्रेशनवर पिस्टन वर आण, पुशरॉड (वरचे व्हॉल्व्ह उघडणारी उभी काठी) बोटाने गोल फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. इतकंच सेटिंग आहे, फिलर गेजची गरज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडून आत टॉर्च मार, रिटर्नचं तेल पडताना दिसलं पाहिजे. रॉकरकडे (हेडमध्ये व्हॉल्व्ह दाबणारे भाग) जाणाऱ्या बारीक पाईपचा वरचा बोल्ट किंचित सैल केला की तिथेही तेल झिरपलं पाहिजे. या दोन गोष्टी ठीक असतील तर तुझं इंजिन जिवंत आहे आणि त्याला हात लावायचं कारण नाही.

मुंग्यांसाठी हेडला फ्रेमशी धरणारी पट्टी आणि इंजिनाचे सगळे माउंटिंग बोल्ट आवळ. थोडं थरथरणं राहणारच, ७० बाय ९० चा एकच मोठा पिस्टन आहे. तसंही ६० ते ६५ हाच हिचा टूरिंगचा वेग आहे. त्या काळच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) खाली फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळी फिरणारी धातूची कडी असते, हायवेला ८० धरून तासन्‌तास दामटली की ती तापते आणि तिथून खरा खर्च सुरू होतो. तू निवडलेला रस्ता या गाडीसाठीच केलाय असं वाटतं, तिथे ५० च्या वर जायला जागाच नाही.

लेथवाला

वरच्या बहुतेक गोष्टी पटल्या पण एका ठिकाणी थांबतो. माझं कामच क्रँक आणि बोअरचं आहे म्हणून सांगतो, १९९४ चा क्रँक चांगला आहे असं गृहीत धरून दोघं बसून निघू नका. बघायची पद्धत सोपी आहे, चौथ्या गिअरला ३५-४० च्या वेगाने चढावर हळूहळू ॲक्सिलरेटर वाढव. खालून दबका, जड ठोका आला आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर थांबला तर बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक, बघावाच लागेल. वरून येणारी बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट, ती वेगळी, एकदा दोन्ही ऐकलेस की परत गफलत होणार नाही.

ठोका आलाच तरी नवा क्रँक आणू नको, बाजारात मिळणाऱ्या क्रँकमध्ये दर्जाचा भरवसा नाही. तुझ्या ओरिजिनल फ्लायव्हीलवर नवीन पिन-बुश बसवून चांगल्या माणसाकडून ट्रू (एका रेषेत सरळ) करून घे. आणि बोअर केलाच तर डिसेंबरच्या ट्रिपला ही गाडी विसर. नवीन बोअर रुळायला वेळ द्यावा लागतो, आठवड्यापूर्वी बांधलेलं इंजिन घेऊन दोघं आणि सामान घाटात घातलं तर पिस्टन जाम होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. लोक ट्रिपच्या तोंडावर इंजिन बांधायला आणतात तेव्हा मी सरळ परत पाठवतो.

अजून एक. सगळे हिला कास्ट आयर्न म्हणतात पण लोखंडाचा फक्त सिलिंडर आहे, हेड ॲल्युमिनियमचंच. म्हणून गरम इंजिनाचा प्लग काढताना-लावताना जपा, हेडचे आटे गेलेल्या गाड्या माझ्याकडे कायम येतात.

सांगलीची_स्वारी

मीही उजव्या गिअरचीच चालवते, ८९ चं मॉडेल आहे, म्हणून डावीकडे घेण्याबद्दल बोलते. नको घेऊस भाऊ. मध्ये जोडणीचा दांडा येतो, त्याला प्ले येतो आणि गिअरची ती स्वच्छ खटकी जाते. पण तू आजवर नेहमीच्या गाड्या चालवल्या असशील तर खरा धोका गिअरचा नाहीये, ब्रेकचा आहे. ब्रेक डाव्या पायाला आहे आणि अचानक काही आडवं आलं की उजवा पाय आपोआप खाली दाबतो, तिथे ब्रेक नसतो, गिअर असतो. त्यामुळे महिनाभर दुसरी गाडी घरात बंद ठेव आणि रोज ऑफिसला हीच ने. सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जा, खडकवासल्याला जा, ट्रॅफिकमध्ये जा. पायाला सवय झाली की मगच वहिनींना मागे बसव.

ड्रम ब्रेकला नावं ठेवणारे खूप भेटतील. लायनर चांगले असतील आणि ब्रेक लावल्यावर हबवरचा लिव्हर केबलशी साधारण काटकोनात येत असेल तर ही गाडी तिच्या वेगात व्यवस्थित थांबते. ताम्हिणी उतरताना ज्या गिअरने चढला असतास त्याच गिअरला उतर, दुसऱ्यावर ठेव, इंजिनच धरून ठेवतं. ब्रेक दाबून धरत उतरलं की ड्रम तापतो आणि नेमका शेवटच्या वळणाला पकडत नाही.

किकबद्दल पण लिहिते कारण गरम असताना त्रास हा कधीकधी किकच्या पद्धतीचाही असतो. चावी चालू कर, किक हळूहळू दाबत जा आणि अँपिअरच्या काट्याकडे बघ, काटा मायनसकडून मध्यावर आला आणि पाय अडला की थांब. डिकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) ओढून किक अगदी थोडी पुढे सरकव, सोड, किक वर येऊ दे आणि मग पूर्ण वजन टाकून एकच किक. ॲक्सिलरेटर बंद. माझं वजन फार नाही तरी माझी पहिल्या किकला घेते, यात ताकदीचं काही नाही. पुरुष मंडळी सिग्नलला ती दाणदाण लाथा मारतात ना, त्यानेच किकचे दाते झिजतात.

आणि गिअरबॉक्सवर टाचेने दाबायचा तो छोटा न्यूट्रलचा लिव्हर आहे तो चालतोय का बघ. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यातून थेट न्यूट्रल. फेरीवर गाडी चढवताना रांगेत फार उपयोगी पडतो, क्लचवर ताण येत नाही.

मामाची_बुलेट

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. कंडेन्सर बदलला आणि पॉईंट लावून घेतले, कागद धरून लावणारे एक काका नाना पेठेत पार्ट शोधताना भेटले. गरम असतानाचा त्रास गेला!! रिटर्नचं तेल दिसतंय, रॉकरलाही येतंय. तेल खरंच अर्धा लिटरच्या वर जास्त भरलेलं होतं, काढलं, डाग बराच कमी झाला. चढावरचा ठोका लेथवाला दादांनी सांगितल्याप्रमाणे कात्रजच्या जुन्या घाटात ऐकायचा प्रयत्न केला, जड असं काही आलं नाही.

दोन प्रश्न राहिलेत. एक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावावं का? दोन, आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने या गाडीला काही होतं का, प्लग पांढरट दिसतोय.

बेळगावी_बुलेट

इथेनॉलचं सांगतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं की कार्ब्युरेटरच्या तेवढ्याच सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि इंजिन जास्त तापतं. तुझ्या मिककार्ब कार्ब्युरेटरमध्ये सुईची क्लिप एक खाच खाली घे म्हणजे सुई वर येते, एअर स्क्रू पाव फेरा आत घे, आणि २०-२५ किलोमीटर चालवून परत प्लग बघ, बिस्किटासारखा रंग यायला हवा. तरीही पांढराच राहिला तर मॅनिफोल्डला (कार्ब आणि हेडमधला जोड) हवा ओढतीये का बघ, तिथे चालू इंजिनावर थोडं पाणी शिंपडलं आणि आवाज बदलला की समजायचं.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुनी टाकी आतून गंजते, पेट्रोल कॉकचे जुने रबर फुगतात. पाईप नवीन, इथेनॉल चालणारा टाक, कॉकचे वॉशर बदल, कार्बला जाणाऱ्या पाईपमध्ये छोटा फिल्टर बसव. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब रिकामा होईपर्यंत चालू दे. कोकणात दमट हवेत हे जास्तच पाळ.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन वाईट नाही, माझ्या एका गाडीला आहे आणि सुरू व्हायला सुख आहे. पण ते बंद पडलं तर रस्त्यावर काही करता येत नाही आणि केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात त्याचं युनिट मिळणार नाही. पॉईंट आणि कंडेन्सरचा जास्तीचा सेट पिशवीत असला की झाडाखाली बसून अर्ध्या तासात काम होतं.

उजवा_गिअर

बेळगावीशी पूर्ण सहमत. सामानात एवढं घे: पॉईंट सेट, कंडेन्सर, प्लग, फ्यूज, चेनचं लॉक, एक ट्यूब (पुढे-मागे दोन्हीकडे ३.२५-१९ च आहे म्हणून एकात भागतं), क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल. नवीन क्लच केबल पिशवीत टाकण्याऐवजी जुनीच्या शेजारून टाय मारून आत्ताच ओढून ठेव, तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, टाकी काढावी लागत नाही. टायर किती जुने आहेत ते बाजूच्या चार आकडी कोडवरून बघ, शेतावर फिरलेली गाडी आहे, रबर कडक झालं असेल तर गोट्या (टायरची नक्षी) शिल्लक आहेत का ते न बघता सरळ बदल.

बेळगावी_बुलेट

परतीचं लिहायचं राहिलं. हायवेने पुण्याला येणार असशील तर मालवणहून सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज करून संकेश्वरला वर ये. आंबोलीचा चढ लांब आहे पण एकसारखा आहे, तिसऱ्यावर आरामात घेते, वर चौकुळ फाट्याच्या आसपास दहा मिनिटं थांबून इंजिनाला वारा लागू दे. संकेश्वरनंतर मोठा हायवे सुरू झाला की डावी लेन धर आणि ट्रक पुढे जातायत म्हणून ८० ला जाऊ नकोस, लेथवाल्यांचा धंदा तिथेच होतो. संकेश्वरला पोचायच्या आधी कळव, माझ्याकडे कॉम्प्रेशन गेज आणि पॉईंटचा सेट असतो, मी तिथपर्यंत येतो.